गळणारं तेल आणि बदललेला प्रश्न : पॉवर स्टीअरिंगच्या गळतीचा इतिहास



पेट झाली, नेट झाली, गाईडही जवळपास ठरले, आता प्रपोजल लिहायचंय. या टप्प्यावरची मुलं-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात : "ताई, प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये नेमकं लिहायचं काय?" याची व्याख्या पुस्तकात मिळते, पण ती पाठ करून कुणाचं प्रपोजल पुढे सरकलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून आज एक उदाहरण घेऊन बसू. उदाहरण आहे गाडीखाली पडणाऱ्या लालसर तेलाच्या डागाचं, म्हणजे पॉवर स्टीअरिंगच्या तेलाच्या गळतीचं.

हेच उदाहरण का, तर माझं पीएचडीचं काम नायट्राइल रबर तेलात आणि उष्णतेत कसं म्हातारं होतं यावर आहे, आणि स्टीअरिंगच्या पंपातलं सील याच रबराचं असतं. त्यामुळे आमच्या सोसायटीत कुणाच्या गाडीखाली डाग दिसला की "हिला विचारा" असं सुरू होतं. शिवाय या गळतीचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आलं, की "गळती कशी थांबवायची" हा एकच प्रश्न वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी वेगळ्या शब्दांत विचारला, आणि प्रत्येक वेळी शब्द बदलल्यावरच उत्तर सापडलं. प्रपोजल लिहिणाऱ्याला यातून बरंच घेता येईल.

आधी यंत्र समजून घेऊ

हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा एक पंप असतो. तो डबीतलं तेल ओढतो आणि जाड पाईपमधून स्टीअरिंगच्या रॅककडे पाठवतो. तुम्ही चाक डावीकडे वळवलंत की एक झडप तेलाला पिस्टनच्या एका बाजूला ढकलते, उजवीकडे वळवलंत की दुसऱ्या बाजूला. पुढची चाकं वळवण्याचं जड काम तेल करतं, तुमच्या हाताला फक्त इशारा द्यावा लागतो. काम झालं की तेल पातळ पाईपमधून परत डबीत येतं.

दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगते. गाडीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो. गाडी जागेवर उभी ठेवून चाक पूर्ण वळवलंत तर स्टीअरिंगच्या तेलाचा दाब छोट्या गाडीतसुद्धा ७०-८० बारच्या पुढे जातो. एवढा दाब आत कोंडून ठेवायचा आणि त्याच वेळी पंपाचा दांडा आणि रॅकचा पिस्टन हलतेही ठेवायचे. हलणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यामधल्या फटीतून तेल बाहेर येऊ न देणं, हा सगळा आपला विषय.

तत्त्व माहीत होतं, यंत्र होत नव्हतं

बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकतो. पास्कलचा द्रवांवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. लहान पिस्टनवर थोडं बळ लावून मोठ्या पिस्टनवर प्रचंड बळ मिळवता येईल, ही कल्पना त्यात आहे. पण प्रत्यक्ष कामाचा हायड्रॉलिक प्रेस आला १७९५ मध्ये. लंडनचा कुलपं बनवणारा कारागीर जोसेफ ब्रामा याने त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे मधे १३२ वर्षं गेली.

एवढी वर्षं जाण्यामागे धातूकामाच्या मर्यादा वगैरे कारणं होतीच, पण ब्रामाच्या स्वतःच्या कारखान्यात प्रेस अडला तो गळतीवर. पिस्टनभोवतीचं पॅकिंग घट्ट आवळलं तर पाणी थांबायचं, पण पिस्टनही अडकायचा. सैल केलं तर पिस्टन हलायचा आणि पाणी निघून जायचं. आवळणं आणि सोडणं यांच्या मधली जागा काही सापडत नव्हती.

यातून वाट काढण्याचं श्रेय दिलं जातं ब्रामाच्या कारखान्यातला फोरमन हेन्री मॉड्सली याला. त्याने चामड्याचं वाटीसारखं वळलेलं कडं बसवलं आणि त्याची कड दाबाच्या बाजूला ठेवली. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब चामड्याची कड पिस्टनवर दाबायचा. दाब उतरला की कड सैल, पिस्टन मोकळा. जितका दाब जास्त तितकी पकड जास्त, आणि पकड कमी करायला बाहेरून काही करावं लागत नाही.

इथे जरा थांबून बघा. "पॅकिंग किती घट्ट करायचं?" या प्रश्नाला उत्तरच नव्हतं, कारण कुठलाही एक आकडा चूकच ठरणार होता. मॉड्सलीच्या कड्याने तो प्रश्न असा केला : "दाबानेच दाब अडवता येईल का?" गळू पाहणारं पाणीच राखणदारीला लावलं. पुढे याच तत्त्वावरच्या प्रेसनी कापसाच्या गाठी बांधल्या, आपल्या खानदेश-विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्येसुद्धा. आज तुमच्या गाडीच्या पंपात जे गोल सील आहे त्याची आतली ओठासारखी कड या चामड्याच्या वाटीची वारसदार आहे.

डेव्हिसचा उघडा नळ

आता १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत येऊ. मोटारी जड होत चालल्या होत्या आणि ट्रक वळवायला दंडात ताकद लागत होती. फ्रान्सिस डेव्हिस हा इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम करायचा. त्याने नोकरी सोडली, बोस्टनजवळच्या वॉल्थॅम गावात छोटं वर्कशॉप भाड्याने घेतलं आणि तेलाच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग करायला घेतलं.

यंत्राच्या मदतीने दिशा बदलण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजावर १८६६-६७ च्या सुमारास वाफेवर चालणारं सुकाणू बसवलेलं होतं. पण जहाजावर जागा भरपूर आणि सांभाळायला माणसंही भरपूर. मोटारीत मालक एकटा असतो आणि तेल सांडलं तर त्याच्या अंगणात सांडतं.

दाबाचं तेल वापरायची एक पद्धत अशी : पंपाने दाब तयार करून साठवून ठेवायचा, झडप बंद ठेवायची आणि गरज लागली की उघडायची. घरातल्या नळासारखं. पण मग प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक सीलवर चोवीस तास पूर्ण दाब. डेव्हिसने उलटं केलं. त्याची झडप एरवी उघडीच असते. पंपातून निघालेलं तेल फारसा दाब न घेता फिरून परत डबीत जातं. ड्रायव्हरने चाक वळवलं की झडपेची वाट अरुंद होते आणि तेवढ्यापुरताच दाब चढतो. बागेला पाणी घालताना पाईपच्या तोंडावर आपण अंगठा ठेवतो ना, तसं. अंगठा काढला की दाब गेला.

डेव्हिसच्या रचनेतला प्रश्न मी माझ्या शब्दांत असा मांडेन : "सीलने सतत दाब का सहन करायचा? दाब लागतो कधी?" सरळ रस्त्यावर तो जवळपास लागतच नाही. सीलचा दर्जा तोच ठेवूनसुद्धा सीलवरचं ओझं कमी झालं.

१९२६ मध्ये त्याची पॉवर स्टीअरिंगची पिअर्स-ॲरो गाडी रस्त्यावर धावली आणि जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला. पण १९३४ मध्ये मंदीच्या काळात खर्चाचा हिशेब बसेना म्हणून कंपनीने प्रकल्प बाजूला ठेवला. मग दुसरं महायुद्ध आलं, जड चिलखती गाड्यांना हे स्टीअरिंग लागलं आणि ते मोठ्या प्रमाणावर बनू लागलं. सर्वसामान्य ग्राहकाच्या मोटारीत ते आलं १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत, तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सही मैदानात उतरली. चालणारं यंत्र हातात असूनसुद्धा २५ वर्षं गेली. "माझं काम चांगलं आहे तर लगेच वापरात का येत नाही?" असं पुढे कधी वाटलं तर डेव्हिसला आठवा.

चामडं जाऊन रबर आलं

चामड्याच्या सीलला मर्यादा होत्या. ते कोरडं पडलं की आकसतं, गरम झालं की कडक होतं. मग रबर का नाही वापरलं? गुडइअरने गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची पद्धत १८३९ मध्येच शोधली होती. अडचण रसायनशास्त्राची होती. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल दोन्ही अध्रुवीय हायड्रोकार्बन. सारख्याला सारखं भेटलं की तेल रबरात शिरतं, रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं. घरी बघायचं असेल तर साधा रबरबँड मोजून इंजिन ऑइलमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा आणि परत मोजा. फोटोसकट नोंद ठेवा, हीसुद्धा एक लहानशी प्रयोगवही होईल.

१९३० च्या सुमारास जर्मनीत आयजी फार्बेन कंपनीच्या कोनराड आणि चुंकुर या रसायनशास्त्रज्ञांनी ब्युटाडाईन आणि ॲक्रिलोनायट्राइल एकत्र गुंफून नवं रबर तयार केलं. यातला नायट्राइल गट ध्रुवीय असल्यामुळे खनिज तेल त्यात सहज शिरत नाही. हेच नायट्राइल रबर. पण यात फुकट काही मिळत नाही. ॲक्रिलोनायट्राइलचं प्रमाण वाढवलं तर तेलाला विरोध वाढतो, पण थंडीत लवचिकपणा कमी होतो. प्रमाण कमी केलं तर उलट. कुठल्या गाडीला कुठलं प्रमाण, हे ठरवणं हेच अनेकांचं आयुष्यभराचं काम झालं.

याच काळात जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या कंपनीने १९२९ पासून मोटारींसाठी चामड्याची सीलं करायला सुरुवात केली आणि काही वर्षांत ती चामड्यावरून कृत्रिम रबरावर आली. अमेरिकेत नील्स ख्रिस्टेन्सन या मूळ डॅनिश माणसाने ‘ओ-रिंग’ म्हणजे खाचेत बसणाऱ्या साध्या रबरी कड्याच्या सीलसाठी १९३७ मध्ये पेटंटचा अर्ज केला. तेव्हा त्याचं वय ७२ होतं. गाईडला सहा महिने उशीर झाला म्हणून निराश होणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आपल्या दारातला भाग

आता ठाणे-बेलापूर रस्त्यावर येऊ. सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधीच, म्हणजे नवी मुंबई हे शहर कागदावर येण्यापूर्वीच, या पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहत होते. त्यातलं मोठं नाव नोसिल, म्हणजे नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा नाफ्था क्रॅकर १९६८ मध्ये सुरू झाला. आज तिची ओळख रबर केमिकल्ससाठी आहे.

रबर केमिकल्स म्हणजे काय, हे या लेखापुरतं दोन शब्दांत : ॲक्सिलरेटर आणि अँटिऑक्सिडंट. ॲक्सिलरेटरमुळे गंधकाचे पूल लवकर आणि नीट बांधले जातात. अँटिऑक्सिडंटमुळे रबर उष्णता आणि हवेतल्या ऑक्सिजनला जास्त काळ तोंड देतं. हे नसतील तर सील लवकर कडक होतं, त्याची कड दांड्याला बिलगून राहत नाही आणि तेल बाहेर येतं. आठ-दहा वर्षं जुन्या गाडीची गळती बहुतेक वेळा अशी म्हातारपणाची असते. वाशी-तुर्भेच्या गॅरेजमध्ये निघालेलं जुनं सील नखाने दाबून बघा, नखाचा वण उठला तर तो तसाच राहील किंवा सील तडकेल.

पॉवर स्टीअरिंगचंही महाराष्ट्रात घर आहे. १९८१ मध्ये पुण्याच्या झेडएफ स्टीअरिंग गिअर (इंडिया) या कंपनीची स्थापना झाली, जर्मनीच्या झेडएफच्या सहकार्याने. तिचा कारखाना वढू बुद्रुकला, म्हणजे संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपल्याला माहीत असलेल्या गावात. ट्रक, बस, ट्रॅक्टर यांची स्टीअरिंगं तिथे बनू लागली. जुन्या एसटीचं चाक परातीएवढं का असायचं, तर ड्रायव्हरच्या हाताला तेवढी तरफ मिळावी म्हणून. वळणावर तो सीटवरून अर्धवट उठून अंग टाकायचा. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर ओढणारे ट्रेलर आपल्या रस्त्यांवर आले. भरलेला ट्रेलर नुसत्या दंडाच्या जोरावर दिवसभर वळवणं माणसाच्या कुवतीबाहेरचं आहे. तिथे स्टीअरिंगचं तेल संपणं म्हणजे नुसता डाग पडणं नाही, कळंबोलीच्या सर्कलवर ट्रेलर वेळेत न वळणं आहे.

हापसा, चामड्याचं वायसर आणि तिसरा प्रश्न

याच इतिहासाचं सर्वात महत्त्वाचं पान मला मोटारीबाहेर सापडलं, हापशात. हापसाही शेवटी पिस्टन, नळी आणि सील यांचंच यंत्र आहे.

१९६०-७० च्या दशकांत दुष्काळी भागात बोअर खोदल्या गेल्या, पण त्यांच्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठीचे होते. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागल्यावर ते मोडायचे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने याची किंमत मोजली. खाली पाणी आहे, वर पंप आहे, पण पाणी येत नाही. जालन्यातल्या मिशनच्या कामातून जास्त दणकट पंप तयार झाला, ‘जालना पंप’. त्यावरून पुढे ‘सोलापूर पंप’ आला. आणि त्याच्या आधारे युनिसेफ, केंद्र सरकार आणि मूळ मुंबईची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांच्या प्रयत्नातून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ आला. आज गावोगाव दिसणारा हापसा तो हाच. जालना आणि सोलापूर ही नावं जगभरच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात आहेत, आपल्याकडे मात्र ती फारशी शिकवली जात नाहीत.

मार्क टू दणकट होता, तरी एक गोष्ट राहिली. जमिनीखालच्या नळीत पिस्टनवर चामड्याचं वायसर होतं. वाळूने ते झिजायचं, पाणी वर यायच्या आत खाली निसटायचं. वायसर काही महाग नाही. पण ते बदलायला सगळे पाईप एकेक करून वर ओढावे लागायचे आणि त्यासाठी तालुक्याहून गाडी, अवजारं आणि माणसं यायला हवीत. ती येईपर्यंत बायकांनी दोन-तीन किलोमीटरवरून पाणी आणायचं.

१९८३ ते १९८८ या काळात कोइमतूरजवळ या पंपांच्या चाचण्या झाल्या. तिथे चामड्याऐवजी नायट्राइल रबराची वायसरं बसवून बघितली, ती जास्त टिकली. म्हणजे मोटारीच्या पंपातलं रबर हापशात आलं. पण खरा बदल पुढचा. पाईप रुंद केला, जेणेकरून पिस्टन त्याच्या आतूनच वर काढता येईल आणि पाईप उपसायची गरजच पडणार नाही. यातून ‘इंडिया मार्क थ्री’ तयार झाला. त्यामागचा विचार असा होता, की गावातल्याच माणसांना मोजक्या हत्यारांनी दुरुस्ती करता आली पाहिजे.

आता तिन्ही प्रश्न शेजारी ठेवा. मॉड्सली : दाबानेच दाब अडवता येईल का? डेव्हिस : दाब लागतो कधी? कोइमतूर : सील झिजणारच आहे, तर ते बदलणार कोण? तिसऱ्या प्रश्नात पहिल्यांदाच माणूस आला, हे माझ्या मते फार मोठं आहे.

तर मग घरी काय करता येईल?

हा इतिहास डोक्यात ठेवला की घरच्या दुरुस्तीची हद्द आपोआप आखली जाते.

१. आधी तुमच्या गाडीत तेल आहे का ते बघा. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या गाडीत विजेच्या मोटरवर चालणारं स्टीअरिंग आणलं आणि आज बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत तेच असतं. तिथे पंपही नाही, तेलाची डबीही नाही. ‘दाब लागतो कधी?’ या प्रश्नाचं हे अगदी टोकाचं उत्तर आहे : दाबाचं तेलच काढून टाका.

२. तेल असेल तर डाग कशाचा ते ठरवा. स्टीअरिंगचं तेल अनेकदा लालसर किंवा पिवळसर असतं, इंजिन ऑइल तपकिरी-काळं. डबीतली पातळी खूण केलेल्या रेषांशी ताडून बघा.

३. सगळं पुसून कोरडं करा, खाली वर्तमानपत्र अंथरा. इंजिन चालू करून कुणाला तरी चाक दोन्हीकडे वळवायला सांगा. ओलावा ज्या सर्वात वरच्या जागी दिसेल तिथे उगम शोधा, कारण तेल खाली ओघळतं. चाक शेवटच्या टोकाला नेऊन धरून ठेवू नका, डेव्हिसची झडप तेव्हा पूर्ण आवळलेली असते आणि दाब कमाल असतो. दाबाच्या पाईपवर हात फिरवून गळती चाचपू नका. बारीक भोकातून निघालेली तेलाची धार कातडीत शिरू शकते.

४. परतीच्या पातळ पाईपचा क्लिप सैल असेल, पाईप तडकलेला असेल किंवा डबीच्या तोंडाची ओ-रिंग गेली असेल, तर हे काम घरी होतं. तिथे दाब कमी असतो. इंजिन थंड झाल्यावर खाली भांडं ठेवून जुना पाईप काढा, त्याच मापाचा, पॉवर स्टीअरिंगच्या तेलासाठीचाच पाईप घ्या, नवा क्लिप लावा. मग पुस्तिकेत सांगितलेलं तेल भरा, पुढची चाकं उचलून गाडी घोडीवर ठेवा आणि इंजिन बंद ठेवूनच चाक बऱ्याच वेळा डावीकडे-उजवीकडे सावकाश फिरवा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत तेल भरत राहा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका.

५. दाबाचा जाड पाईप, पंपाच्या दांड्याचं सील आणि रॅकमधली सीलं ही गॅरेजची कामं. रॅकच्या टोकाच्या रबरी बुटात तेल साठलेलं दिसलं तर आतलं सील गेलं असं समजा. दाबाच्या पाईपला वरून क्लिप किंवा टेप लावणं हा उपाय नाही, टायरच्या चाळीस-पन्नास पट दाब तिथे असतो.

६. ब्रेकचं तेल यात चुकूनही ओतू नका. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि नायट्राइल रबराला चालत नाही. उलट ब्रेकची रबरं वेगळ्या जातीची, त्यांना खनिज तेल चालत नाही. वर सांगितलेला ‘सारख्याला सारखं’चा नियम इथे खिशाला आणि जिवाला लागू होतो.

७. जुनं तेल गटारात ओतू नका, ते शेवटी खाडीत जातं. बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या.

बाजारात गळती थांबवणाऱ्या औषधाच्या बाटल्याही मिळतात. त्यातली रसायनं कडक झालेल्या रबरात शिरून त्याला थोडं फुगवतात आणि मऊ करतात. म्हणजे १०० वर्षांपूर्वी ज्या फुगण्याला आपण दोष म्हणत होतो त्याचाच मोजून-मापून उपयोग. सील नुसतं आकसलं असेल तर काही काळ निभतं. फाटलं असेल किंवा दांड्यावर खाच पडली असेल तर काहीच होत नाही, कारण बाटलीने सोडवलेला प्रश्न तुमच्या गाडीचा नव्हताच.

प्रपोजलकडे परत

"सीलची गळती कमी करणे" हे प्रॉब्लेम स्टेटमेंट नाही, ती इच्छा आहे. मुलाखतीत पॅनेल तुम्हाला पहिला प्रश्न विचारेल : कुठली गळती? सतत दाबाखाली की थोडा वेळ दाब असताना? रबर कडक झाल्यामुळे की झिजल्यामुळे? आणि ते बदलायला कुशल माणूस हजर असतो की नसतो? या प्रत्येक उत्तरासरशी प्रयोग बदलतो, मोजायची राशी बदलते, लागणारा पैसा बदलतो. "नायट्राइल रबराचं सील १००° सेल्सिअसला ठरावीक तास तेलात ठेवल्यावर किती कायमचं चपटं होतं, आणि अँटिऑक्सिडंटच्या प्रमाणाने त्यात काय फरक पडतो" असं लिहिलंत की ते काम सुरू करता येतं.

लिटरेचर वाचताना पास्कल आणि ब्रामा यांच्यातली १३२ वर्षंही लक्षात ठेवा. तत्त्व छापलेलं असून कुणी केलेलं दिसत नसेल, तर "गॅप सापडली" म्हणून लगेच खूश होऊ नका. आधी शोधा की ते अडलंय कशावर. बऱ्याचदा अडलेली गोष्ट चामड्याच्या कड्याएवढी लहान असते आणि पेपरमध्ये तिला एक ओळसुद्धा मिळालेली नसते. ती गॅरेजमध्ये, वर्कशॉपमध्ये किंवा हापशापाशी पाण्यासाठी थांबलेल्या बाईला विचारल्यावर कळते.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या विषयातली एक ‘गळती’ निवडा आणि तिच्याबद्दल तीन वाक्यं लिहा. एक मॉड्सलीसारखं, एक डेव्हिससारखं, एक कोइमतूरसारखं. तिन्हींपैकी ज्याचं उत्तर तुमच्या लॅबमधल्या साधनांनी तीन वर्षांत मोजता येईल, ते वाक्य घेऊन गाईडकडे जा. पुढच्या लेखात लिटरेचर रिव्ह्यूच्या नोंदी कशा ठेवायच्या ते बघू.